धुऱ्यावरची गाडी

२९ जून २०२५, रविवार

मागची नोंद संक्रांतीची आहे आणि त्यानंतर एकदम आज. मधल्या दिवसांत वेळ मिळाला नाही असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. वेळ होता, लिहिण्यासारखं काही केलं नव्हतं. रिकाम्या गेलेल्या पानांची माफी मागते आणि पुढे जाते.

आज कारण आहे. सकाळी राजूने भंगारवाल्याला होकार दिला. (बोलताना मी 'अहो' म्हणते, वहीत राजू लिहिते. वहीने आजवर हरकत घेतलेली नाही.) भंगारात जायची आहे ती धुऱ्यावरची पिकअप. आमचं शेत आणि भासऱ्यांचं, म्हणजे राजूच्या थोरल्या भावाचं, शेत यांच्या मधल्या बांधावर, कडूनिंबाखाली ती आठ वर्षांपासून उभी आहे. तोंड आमच्या बाजूला, मागचा डाला त्यांच्या बाजूला.

वाटणी २०१७ ची. सासऱ्यांनी, म्हणजे दादाजींनी, जमिनीचे सरळ दोन भाग केले, विहिरीच्या पाळ्या ठरवल्या. बैलजोडीचीसुद्धा वाटणी झाली. खैऱ्या तिकडे गेला, बांड्या इकडे आला. एका बैलाने वखर चालत नाही हे दोन्ही भावांना माहीत होतं, तरी 'जोडी तू घे' असं कोणी म्हणालं नाही. वर्षाच्या आत दोघांनी आपापला बैल विकला. गाडीच्या बाबतीत नेमकं उलटं झालं. वामनराव भासरे म्हणाले, "राजूले देऊन टाका, मले नाई पाहिजे." राजू म्हणाला, "त्यानं सोडलेली मी काहून घेऊ?" ती कोणीच घेतली नाही. त्या दिवसापासून दोघे भाऊ बोलत नाहीत. धाकट्याची बायको म्हणून मी रीतीप्रमाणे भासऱ्यांशी समोरासमोर बोलत नाहीच. आता त्या घरात शब्द जायचा तर मी आणि जाऊबाई मनकर्णा एवढीच वाट उरली आहे.

मी राजूला म्हटलं, "मला दुरुस्त करून पाहू द्या."

"आठ वर्षं पडलेली गाडी? तिच्यात आता नागोबा राहून राहिले असन."

"मग नागोबाला विचारून करते."

तो हसला. तो हसला की अर्धं काम होतं. मुदत पोळ्यापर्यंतची ठरली. पोळ्याआधी इंजिन सुरू झालं तर गाडी राहील, नाही झालं तर गोटमार, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची दगडफेकीची जत्रा, उरकली की भंगारवाला येईल. तो पांढुर्ण्याचा आहे, गोटमारीच्या दिवशी तो गाव सोडून कुठे जात नाही.

गाडी कशाला हवी हेही लिहून ठेवते, पुढे मीच विसरायला नको. गेल्या नोव्हेंबरात संत्रा तोडून ढीग लावला आणि ठरवलेली गाडी तिसऱ्या दिवशी आली. खालची फळं मऊ पडली. मी त्या ढिगाशेजारी बसून होते आणि माझ्यापासून हाकेच्या अंतरावर आमच्याच मालकीची गाडी कडूनिंबाची पानं झेलत उभी होती. तेव्हाच मनात आलं. संत्र्याचा आंबिया बहार यंदाही नोव्हेंबरातच उतरेल. तेव्हा मी म्हणेन त्या घटकेला निघणारी गाडी मला हवी आहे.

२ जुलै

एक अडचण आहे आणि ती कायद्याची नाही, माझी आहे. गाडी अर्धी भासऱ्यांची. त्यांना न विचारता तिला हात लावायचा मला अधिकार आहे का? राजू म्हणतो, "भंगारात देताना मी विचारलं का त्याले? अर्धा हिस्सा पोचवून देईन, बस." पण मोडायला विचारलं नाही म्हणून जोडायलाही विचारू नये, हे मला पटत नाही.

चक्कीवर मनकर्णाबाई भेटल्या. विचारलं. त्या पिठाचा डबा डोक्यावर घेता घेता थांबल्या.

"कोन्ती, धुऱ्यावरची? सुरू करतेस?"

"करून पाहते, बाई."

"त्यायले विचारतो मी," म्हणाल्या आणि लगेच पुढे, "पोळ्यापर्यंत घरीच राहीन ना वं ते?"

पोळ्याचं त्यांना कुठून कळलं? भंगाराची गोष्ट गावभर झालेली दिसते. आपला हिस्सा बुडू नये एवढीच त्यांना काळजी असेल. मी 'राहील' म्हटलं.

६ जुलै, रविवार

निरोप आला. मनकर्णाबाई धुऱ्यापलीकडून ओरडून सांगून गेल्या: "ते म्हनतेत, लावा हात. पन समोरच्या डाव्या चाकाखालचा गोटा काढू नका म्हने, गाडी घसरते!"

मी जाऊन पाहिलं. गवतात खरंच गोटा आहे. आठ वर्षांनंतरही भासऱ्यांना कुठल्या चाकाखाली काय ठेवलं ते आठवतं. माणसं भांडण विसरत नाहीत म्हणतात, दगडही विसरत नाहीत असं दिसतं.

१३ जुलै, रविवार

आज पंकज आला. सौंसरला मोहगाव रोडवर त्याचं गॅरेज आहे. मी शाळेत विज्ञान शिकवत होते तेव्हा तो माझ्या वर्गात होता, आणि नापास होण्यातही त्याचा एक आत्मविश्वास होता. तो अजून शाबूत आहे. गुणांवरून माणूस ठरवू नये असं मीच वर्गात सांगत असे, म्हणून त्यालाच बोलावलं. शिवाय एवढ्या जुन्या गाडीला हात लावायला दुसरं कोणी तयार नव्हतं.

त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली. "मॅडम, तुमाले खरं सांगू का?"

"सांग."

"वायरी उंदरानं खाल्ल्या. टायर संपले. ब्रेक जाम. बॅटरी तं नावालेच आहे. इंजिन हंड्रेड परसेंट जाम असन. आठ वर्षात लोखंड लोखंडाले धरून घेते, मंग घनानं हाना की काही करा, फिरत नाई."

मग त्याने बॉनेट उघडलं, पुलीच्या बोल्टला पाना लावला आणि पूर्ण अंगाचा भार देऊन जोर केला. इंजिन असं सहज फिरलं की पंकज तोंडावर पडता पडता राहिला.

दोन मिनिटं तो काही बोलला नाही. पंकज दोन मिनिटं गप्प बसल्याची नोंद शाळेच्या दप्तरातही सापडणार नाही.

"हे तं फिरून राहिलं, मॅडम."

"चांगलं की वाईट?"

"चांगलंच. पन असं होत नाई."

मला फार आनंद झाला. आधी आनंद, विचार मागून. माझं हे नेहमीचंच आहे.

१४ जुलै

विचार केला. पावसाळ्यात उघड्यावर आठ वर्षं. इंजिन जाम व्हायलाच हवं होतं. राजू म्हणतो, "दादाजीनं काही करून ठेवलं असन. त्यायले लई नाद होता." दादाजी २०१९ मध्ये गेले. त्यालाही सहा पावसाळे झाले.

आणखी एक. दोन्ही बाजूंच्या मडगार्डवर, वरच्या उतारावर, पिवळट डाग आहेत. एकावर एक बसलेले, पुसट, हात लावला की किंचित तेलकट. गंज तांबूस असतो. हे काय आहे ते कळलं नाही. पंकज म्हणाला, "चिमन्यायनं केलं असन." चिमण्या इतक्या सारख्या जागी करत नाहीत.

२६ जुलै, शनिवार

ट्रॅक्टरने ओढून गाडी गॅरेजला नेली. आज शनिवार, जामसांवलीला जाणारी गर्दी रस्त्यावर होती आणि हनुमानाला निघालेल्या नव्याकोऱ्या गाड्यांच्या मधून आमची ही चालली होती, डाल्यात एक फूटभर उंच झालेलं एरंडाचं झाड घेऊन. एका मोटरसायकलवाल्याने विचारलं, "काय जी, नवीन घेतली का?" मी म्हटलं, "हो, आजच." ट्रॅक्टरवर राजू होता. त्याने मान वळवली नाही, पण त्याचे खांदे हलताना मला दिसले.

गाडी निघाली तेव्हा मनकर्णाबाई आणि भासरे त्यांच्या अंगणात उभे होते. भासरे कमरेवर हात ठेवून बघत होते. गाडी वळणाआड होईपर्यंत.

३ ऑगस्ट, रविवार

आजचं लिहायचं की नाही, यावर बराच वेळ गेला. लिहिते. उद्या वाचून लाज वाटली तर बरंच होईल.

सीटच्या मागच्या खाचेत पंकजला एक मोठा पाना सापडला. चांगला ग्रीस लावलेला, एका कापडात गुंडाळलेला. कापड म्हणजे मोरपंखी लुगड्याचा काठ. आमच्या घरात असं लुगडं कधीच नव्हतं. मग पंकजने नोझल उघडले. उघडण्याआधीच म्हणाला, "हे कोनीतरी खोललं आहे, मॅडम. एकदा नाई, लई वेळा. हे पाहा नटावर पान्याचे वळ, यातले हे तं ताजे आहेत." आतल्या बाजूला तेल होतं. इंजिन जाम होऊ नये म्हणून कोणी सोडावं तसं.

इथपर्यंत जे दिसलं ते मी लिहिलं. पुढचं माझं डोकं. घरी येताना मी हिशेब मांडला. गाडीला कोणीतरी वारंवार हात लावत होतं. डाल्याच्या बाजूचं गवत दबलेलं होतं, पायवाट त्या बाजूने होती, आमच्या नाही. तिथे जाणारं माणूस एकच. आणि कशाला? माझ्या मनात आलं: सुटे भाग काढून विकायला. भासऱ्यांबद्दल मी असा विचार केला. केला तो केला, जेवताना राजूला बोलूनही दाखवला.

राजू जेवता जेवता थांबला. "मले माहीतच होतं," म्हणाला. त्याला काहीही माहीत नव्हतं. पण आठ वर्षांपासून तो अशाच एका वाक्याची वाट बघत असावा आणि ते मी त्याच्या ताटात वाढलं.

"आता सुरू होवो नाई तं न होवो. गोटमार झाली का तिले देऊन टाकतो. दोघायच्या मधात ते लोखंड नाईच पाहिजे मले."

"पोळ्यापर्यंतचा शब्द होता."

"शब्द तिकडच्यानं मोडला."

म्हणजे आता गाडी सुरू होऊनही जाऊ शकते. आणि ते माझ्या तोंडाने झालं.

५ ऑगस्ट

आज गॅरेजला जाऊन पंकजला एकच काम सांगितलं: काय काय कमी आहे ते बघ. त्याने वैतागत पाहिलं. स्टार्टर आहे, अल्टरनेटर आहे, पंप आहे, नोझल सगळे आहेत.

"एक नट कमी नाई, मॅडम. असा कोनता चोर असते जो खोलते, तेल घालते, अन वापस टाइट करून जाते?"

हे मी राजूला सांगितलं. तो म्हणाला, "मौका नसन भेटला." आठ वर्षांत मौका भेटला नाही, असं. मी चुकीचं बोलले होते हे मी दोनदा म्हटलं. पण शंका सांगायला एक वाक्य पुरतं आणि ती काढायला किती लागतात ते मला अजून कळायचं आहे.

कोण करत होतं आणि कशासाठी, हे मला अजूनही कळलेलं नाही. कळलं नाही असं स्वच्छ लिहिलेलं चांगलं. परवा कळलं असं समजून बसले आणि काय झालं ते वर आहे.

१० ऑगस्ट, रविवार

मनकर्णाबाई भाजीच्या दुकानापाशी भेटल्या. इकडचं तिकडचं झालं. मग माझ्या पिशवीतल्या दोडक्यांकडे बघत म्हणाल्या, "आली नाई गाडी?"

"या आठवड्यात येईल, बाई."

"पोळ्याच्या पहले आनजो वं. आदल्या दिवशीपर्यंत तं आनच."

"का? काही काम होतं का?"

"मले कायचं काम. असंच." आणि दोडके महाग झाले म्हणत निघून गेल्या. दोडके महाग झालेले नाहीत.

१४ ऑगस्ट

टाकीवरून पंकजशी वाद झाला. तो म्हणत होता, जुनं डिझेल काढून नवं टाकू, बस. मी म्हटलं, टाकी खाली उतरव, धू, मग बोलू.

"मॅडम, इतकी वर्षं मी गाड्या दुरुस्त करून राहिलो."

"आणि इतकी वर्षं ही टाकी कोणी पाहिली नाही. उतरव."

उतरवली. खाली डांबरासारखा गाळ निघाला, बोटभर जाड. तो सगळा नोझलमध्ये गेला असता. पंकज त्या गाळाकडे बघून म्हणाला, "हे तं मी सांगनारच होतो." घरी येताना मी स्कूटरवर गाणं म्हणत आले. आपण बरोबर होतो याचा एवढा आनंद बरा नव्हे. तरी होता.

१९ ऑगस्ट, मंगळवार

सुरू झाली.

दुपारी नवी बॅटरी लागली. पंकजने डिझेलच्या नळीतली हवा काढली, मला म्हणाला, "बसा तुमीच." मी कॉलेजात असताना नागपूरला गाडी शिकले होते, परवाना वेळच्या वेळी नवा करून घेत आले, चालवायला काही मिळालं नाही. पंकजला तो परवाना दाखवला तेव्हा त्याने दोन्ही बाजूंनी पाहिला, नोट पाहतात तसा.

पहिल्यांदा नुसतं कण्हली. दुसऱ्यांदा खोकली. तिसऱ्यांदा असा काळा धूर सोडला की समोरचा चहावाला कप झाकून उभा राहिला, आणि मग तो आवाज आला. जाड, एकसारखा, घरातलं मोठं माणूस जागं झाल्यासारखा. दादाजी होते तेव्हा हा आवाज वळणावरून आला की मी चहा ठेवायचे. हात तेव्हाच्या सवयीने उठला, खरं सांगते.

राजूला फोन केला आणि फोन इंजिनाजवळ धरला. त्याने तो आवाज ऐकून घेतला. मग म्हणाला, "तोच आवाज आहे." आणि थोड्या वेळाने, "सुरू झाली तं झाली. अर्धी तं त्याचीच आहे. मी भंगारवाल्याले नाई म्हनलो नाई अजून."

'अजून' म्हणाला. त्या शब्दावर माझा भरवसा आहे.

२१ ऑगस्ट, गुरुवार

पंकज आज माझ्यावर रागावला. गाडी सुरू आहे, ब्रेक लागतात, तरी मी ती ट्रॅक्टरने ओढत आणली. विमा नाही, फिटनेस नाही. कागद होईपर्यंत सरकारी रस्त्यावर मी ती चालवणार नाही. "चालू गाडी ओढत नेनारी दुनियेत तुमीच एक," असं म्हणाला. असेन. त्यामुळे गाडी गावात आली ती गुपचूप, इंजिन बंद, आणि धुऱ्याकडची वाट चिखलाची म्हणून समोरच्या शेडमध्ये लावली. शेड घराच्या अलीकडे आहे. पलीकडून काही दिसत नाही. हे लिहायचं कारण पुढे येतं.

उद्या पोळा, म्हणून आज खांदशेकणी. ज्यांच्याकडे बैल आहेत ते संध्याकाळी बैलांना धुऊन त्यांच्या खांद्याला हळद घातलेलं तूप लावतात, पळसाच्या पानाने शेकतात आणि उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. आमच्याकडे बांड्या गेल्यापासून काही नाही. मी पुरणाची तयारी करत होते.

उजेड उतरता उतरता मागच्या दाराने पाणी फेकायला गेले तर धुऱ्यावर, कडूनिंबाखाली, भासरे उभे दिसले. आंघोळ करून आलेले, धुतलेलं धोतर, हातात काहीतरी धरलेलं. गाडी होती त्या रिकाम्या जागेकडे बघत होते. तिथे चार चाकांच्या जागी गवत अजून पिवळं आहे. मला वाटलं, गाय सुटली असेल, शोधायला आले. ते खाली वाकले, हातातलं मुळाशी ठेवलं आणि परत गेले. चालताना एकदाही मागे पाहिलं नाही.

मी जाऊन पाहिलं. पितळेची वाटी. तीत तूप आणि हळद, अजून कोमट. वर पळसाची दोन पानं.

मी वाटी उचलली, बोट बुडवलं, बोटाकडे पाहिलं. तो रंग मी महिनाभर पाहत होते. मडगार्डच्या उतारावर, दोन्ही बाजूंना, सारख्याच जागी. बैलाचा खांदा असतो तिथे.

राजूला हाक मारली. तो आला, वाटी पाहिली.

"खांदशेकनी," म्हणाला.

"त्यांच्याकडे बैल कुठे आहे?" मी विचारलं. उत्तर माझ्या बोटाला लागलेलं होतं, तरी विचारलं. त्याच्या तोंडून यायला हवं होतं.

राजू कडूनिंबाच्या मुळावर बसला. "दरसाल," म्हणाला. "दरसाल करून राहिला असन तो. मी मागच्या अंगाले कधी आलोच नाई पोळ्याच्या दिवसात." मग वाटी माझ्या हातातून घेऊन मुळाशी ठेवत, "पाना त्याचाच आहे. दादाजीनं त्याले देला होता. मी वळखलो होतो."

"ओळखला होता? आणि बोलला नाहीत?"

"तू चोर म्हनलीस. मले बरं वाटलं होतं."

चोर मीच म्हटलं होतं.

मग मला ते पाठमोरे चालत गेलेले आठवले. गाडी नाही, गवतावर चार खुणा, आणि भंगाराची गोष्ट गावभर. आणि आमच्या चालू गाडीचा आवाज गावात कोणीच ऐकलेला नाही, कारण मी ती ओढत आणली. माझ्या नियमांनी मी आजवर बऱ्याच जणांना त्रास दिला आहे, पण असा नाही.

मी धावत शेडमध्ये गेले. आपल्याच शेतातली वाट, इथे विमा लागत नाही. चावी फिरवली. पहिल्या वेळेसच लागली. चिखलातून पहिल्या गिअरमध्ये, एकदा डावीकडे घसरत, घराला वळसा घालून धुऱ्यावर आणली आणि जुन्याच जागी उभी केली. चार चाकं चार खुणांवर बसली नाहीत, थोडी तिरकी झाली. राजूने डाव्या चाकाखाली गोटा सरकवला. इंजिन मी बंद केलं नाही.

पलीकडचं दार उघडलं. आधी मनकर्णाबाई. मग भासरे. ते धुऱ्यापर्यंत आले आणि त्यांच्या बाजूला थांबले. मी पदर घेतला, पण खाली उतरले नाही. भासऱ्यांसमोर मी अशी वर बसलेली आयुष्यात पहिल्यांदाच.

इंजिन एकटं बोलत होतं. शेवटी भासरे कडूनिंबाला म्हणाले, "आवाज जाड येऊन राहिला. टायमिंग पाहा म्हना कोनी."

राजू बॉनेटला म्हणाला, "पंकजले सांगतो."

"पंकज कोन?" कडूनिंबाला. "तो बडबड्या?"

"तोच."

"मंग झालं कल्यान."

मनकर्णाबाईंनी तोंडाला पदर लावला. हसत होत्या का, ते सांगता येत नाही.

राजूने वाटी उचलली आणि तिकडे न बघता हात लांब केला. धुऱ्याच्या वरून. भासऱ्यांनी एक पान घेतलं, एक राजूच्या हातात राहिलं. भासरे डाव्या अंगाला गेले, राजू उजव्या. दोघे एकाच वेळी वाकले. आतून मला फक्त दोन डोकी दिसत होती, दोन्ही सारखीच पांढरी झालेली, आणि काचेखाली तुपाचा वास येत होता.

मग आवतण द्यायचं असतं. भासरे गाडीच्या कानाशी, म्हणजे आरशापाशी, हळू म्हणाले, "आज आवतन घ्या." आणि थांबले. दरवर्षी आवतणाचा पुढचा अर्धा भागही स्वतःच म्हणत असतील. आज थांबले. पलीकडून राजू म्हणाला, "उद्या जेवाले या."

कोणी कोणाला बोलावलं हे मी नक्की सांगू शकत नाही. गाडी तर पुरणपोळी खात नाही.

दोघे आपापल्या बाजूने गेले. एकमेकांशी अजून एक शब्दही बोललेले नाहीत, हे जसं झालं तसंच लिहिते. घरात येऊन राजूने भंगारवाल्याला फोन लावला. "गोटमार झाल्यावर येऊ नको गा," म्हणाला, "तिले काम हाय." काय काम ते सांगितलं नाही.

उद्या: पुरणाची डाळ दुप्पट घालणे.